तिच्या मनगटावरचं माझं घड्याळ

चूक माझी होती. एवढं एक वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली, आणि लिहून झाल्यावर ते किती तोकडं वाटतंय. चूक? चूक बेरजेत होते. मी जे केलं ते ठरवून केलं — आणि कसं ठरवून, ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मागच्या महिन्यात मैदानावर सगळ्यांसमोर बोललो, तेव्हाही तेवढं गाळलं. तुम्हाला सांगतो.

मी यवतमाळात लोकांना पळायला शिकवतो. लांब पल्ल्याच्या शर्यतींची तयारी करून घेतो. पहाटे साडेपाचला मैदानावर बॅच असते — दुकानदार, वकील, प्राध्यापिका, एक निवृत्त तहसीलदार. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेल्या. कागदावर नोंद नसेल तर ते घडलंच नाही, हे मी जेवता जेवता ऐकत मोठा झालो. मीही पंधरा वर्षं नोकरी केली, मग सोडली आणि गळ्यात शिट्टी अडकवली. पण नोंदीची सवय सुटली नाही. बॅचमधल्या प्रत्येकाचं घड्याळ फोनला जोडलेलं. कोण किती पळालं, किती वेळात, नाडी किती — सगळं रोज ग्रुपवर.

आणि रविवारी हजेरी.

हजेरी ही माझीच कल्पना. आठवड्याचं पळणं ज्यानं चुकवलं, त्यानं गॅलरीच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहायचं. खालून सगळ्यांनी एका सुरात विचारायचं, ‘कारण?’ त्यानं सांगायचं. मग मी काहीतरी बोलायचो आणि लोक हसायचे. एकदा प्राध्यापिका बाईंनी वडिलांचं आजारपण सांगितलं. मी विचारलं, ‘‘वडील आजारी होते की तुमचे पाय?’’ सगळे हसले. त्याही हसल्या — दुसरं काय करणार होत्या? मी याला शिस्त म्हणत होतो. खरं सांगू? मला ती पायरी आवडायची. तिच्यावर कुणाचा चेहरा कसा उतरतो, ते बघायला आवडायचं.

लोक फी देत होते ती शिट्टीसाठी नव्हे. सर स्वतः पळतात म्हणून देत होते. आणि नेमकं तेच बंद पडलं.

दारव्हा रोडवर एका सकाळी छातीत पाखरू फडफडल्यासारखं झालं. डोळ्यांपुढे अंधारी आली. पुलाच्या कठड्यावर बसलो. बॅचमधली देवकी माझ्या पुढे होती, ती मागे वळून आली. माझ्या तोंडावर पाणी मारलं. अर्धा तास बसून राहिली. उठताना मी म्हणालो, ‘‘कुणाला सांगू नकोस.’’ ती म्हणाली, ‘‘नाही सांगत सर. पण तुम्ही आता पळू नोका.’’

नागपूरच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. ठोके अनियमित आहेत. रक्त पातळ राहायची गोळी रोज, आयुष्यभर. चाला, पळू नका. गोळ्या मी वणीहून आणायचो, बस करून — कारण यवतमाळातला आमचा औषधवाला माझ्याच बॅचमध्ये होता.

देवकीबद्दल सांगायला हवं. फुलसावंगीकडच्या बंजारा तांड्यावरची बाई. वय अडतीस. यवतमाळात मुलींच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये दुपारच्या पाळीला पोळ्या लाटायची. तिची फी मी घेत नव्हतो, आणि घेत नाही हे सगळ्यांना माहीत असेल याची काळजी घ्यायचो. बॅचमध्ये सगळे ‘मॅडम’, ‘साहेब’, ‘अहो’. ती एकटी ‘तू’, आणि ती एकटीच बिनघड्याळाची, म्हणून बिननोंदीची. ती पळायची मात्र अशी, की बघणाऱ्याला वाटावं रस्ताच तिच्या पायाखालून सरकतोय. मी माझ्या ऐन भरातही तसा पळालो नव्हतो. हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मान्य करणं ही वेगळी गोष्ट.

माझं घड्याळ तिला देण्याची कल्पना कुणाची? माझी. ‘‘नवीन घड्याळ आहे, नीट चालतंय का बघ, तुझ्यावर विश्वास आहे म्हणून देतो,’’ असं म्हणालो. चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं विचारलं, ‘‘सर, हे माह्यं पळणं तुमच्या नावानं जाऊन राह्यलं का?’’ मी म्हटलं, थोडे दिवस. गोळ्या चालू आहेत, तब्येत सुधारेपर्यंत. ती हसली. ‘‘जाऊ द्या. मले काय त्या आकड्यायचं लोणचं घालाचं हाये?’’

थोडे दिवस — अकरा महिने चालले ते.

बॅच सुटली की ती माझ्या फाटकाशी यायची. मी घड्याळ द्यायचो. तिचं मनगट बारीक, म्हणून पट्ट्याला मी तापलेल्या सुईनं एक जास्तीचं भोक पाडलं होतं. ती उन्हातान्हात वीस-पंचवीस किलोमीटर पळून यायची. तेवढा वेळ मी मागच्या खोलीत दार लावून बसायचो, कुणी बघू नये म्हणून. ती आली की घड्याळ माझ्या हातात, आणि मग मी बनियन नळाखाली भिजवायचो, अंगात घालायचो आणि दूध आणायला चौकात जायचो. ग्रुपवर टाळ्या पडायच्या. औषधवाल्यानं एकदा लिहिलं, ‘‘सर, या वयात इतकी कमी नाडी! हृदय आहे की इंजन?’’ मी हात जोडल्याचं चित्र टाकलं. त्या वर्षी माझी बॅच दुप्पट झाली.

मग ती शर्यत आली. पन्नास किलोमीटरची, डोंगरातली. आमच्या गटातून एका बाईला गावातला एक कापूस व्यापारी स्वखर्चानं पाठवणार होता. देवकीला ती शर्यत का हवी होती, तर तांड्याजवळच्या एका शाळेनं तिला सांगितलं होतं — मोठ्या शर्यतीचं प्रमाणपत्र आण, खेळाची मदतनीस म्हणून घेतो. पोळपाट सुटणार होता. घरी राहता येणार होतं. पण आयोजकांना मागच्या सहा महिन्यांच्या पळण्याची नोंद हवी होती.

ती शनिवारी माझ्याकडे आली. म्हणाली, ‘‘सर, त्यातलं माह्यं मले द्या ना. सगळं नोको. सहाच महिने.’’

देतो म्हणालो. उद्या बघू म्हणालो.

आणि आता ते, जे गाळत आलो. त्या संध्याकाळी मी न्हाणीघरातल्या आरशासमोर उभा राहिलो. मला दिसत होतं, ती नोंद तिची म्हटली की माझ्याकडे काय उरतं — गोळ्या आणि शिट्टी. शर्यतीला जाणारी बाई म्हणून मी आधीच एका वकिलाच्या पत्नीचं नाव त्या व्यापाऱ्याला कळवून ठेवलं होतं. राहिलं होतं फक्त देवकीला गप्प करणं. मी एक वाक्य जुळवलं. मोठ्यानं म्हणून पाहिलं. पहिल्या वेळी ते रागाचं वाटलं, म्हणून दुसऱ्या वेळी हसत म्हटलं. तिसऱ्या वेळी बरोबर जमलं. लोक म्हणतात, सर त्या दिवशी बोलण्याच्या भरात बोलून गेले. मीही चार वर्षं तसंच म्हणू दिलं. भर नव्हता. तालीम होती.

रविवारी मी तिला पायरीवर बोलावलं. तिला वाटलं, नाव जाहीर होणार. हसत हसत चढली. मी म्हणालो, ‘‘देवकीला शर्यतीला जायचंय. सहा महिन्यांत एक किलोमीटर नोंदीत नाही. म्हणते, रोज पळते. पुरावा कुठाय?’’

खालून सवयीनं आवाज आला — ‘कारण?’

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डाव्या मनगटावर घड्याळाएवढा फिकट पट्टा होता. अकरा महिन्यांच्या उन्हानं बाकीचा हात रापला होता, तेवढी जागा राहिली होती. घड्याळ नसलेल्या बाईच्या मनगटावर घड्याळाची खूण. कुणीही पाहिलं असतं तर सगळं उलगडलं असतं. मी पाहिलं. मी पाहिलंय हे तिनंही पाहिलं. आणि तिनं — तिनं उजव्या हातानं ते मनगट झाकून घेतलं.

माझ्यासाठी.

तेव्हा तरी थांबायला हवं होतं ना? तिनं झाकलेलं बघून मला हायसं वाटलं, आणि मी तालमीतलं वाक्य म्हटलं. हसत. जसं जमलं होतं तसं.

‘‘तांड्यावरच्यांना पळायची सवय असते, शिस्त नसते.’’

सगळे हसले. ज्यांच्या वडिलांच्या आजारपणावर मी विनोद केला होता, त्याही हसल्या. देवकी उतरली, चप्पल घातली आणि मैदानाबाहेर गेली. चालत. तिला मी पहिल्यांदाच इतकं सावकाश चालताना पाहिलं. पुढच्या महिन्यात मेसचं कामही सोडलं, असं कळलं. वकिलाच्या पत्नी शर्यत पूर्ण करून पदक घेऊन आल्या. मी त्यांच्यासोबत फोटो काढला. मनगटावर घड्याळ होतं. माझं पळणं थांबलं त्याला मी गुडघ्याचं नाव दिलं, आणि लोकांनी काळजीनं मला तेलं आणून दिली.

चार वर्षं. मग अचानक का गेलो, ते नीट सांगता येत नाही. काही घडलं नव्हतं. घड्याळाचा पट्टा बदलायला घेतला होता, त्यात ते सुईचं भोक दिसलं, एवढंच. महागावला उतरलो, तिथून फुलसावंगी, तिथून पायी. देवकी अंगणात हळद निवडत होती. अंगानं भरली होती. मी ‘‘देवकीताई, तुम्ही...’’ म्हणून सुरुवात केली, तर तिनं हात न थांबवता म्हटलं, ‘‘आता काहून ‘तुम्ही’ म्हणून राह्यले? मी तेवढीच हाओ.’’

मी जे बोलायचं ते बोललो. ती ऐकत होती की नाही, कळलं नाही. मी विचारलं, त्या दिवशी बोलली का नाहीस? ती म्हणाली, ‘‘गोळ्या मले मालूम होत्या ना. म्हटलं, बिमार माणूस हाये. बॅच गेली तं खाईन काय?’’

मी तिला पायरीवर उभी केली, आणि ती वरून माझ्या पोटाचा विचार करत होती.

पळतेस का, असं विचारलं. ‘‘कायले?’’ म्हणाली. मी घड्याळ पुढे केलं. तिनं ते पाहिलं, आणि हळदीनं पिवळी झालेली बोटं लुगड्याला पुसली, पण हात पुढे केला नाही. आत तिच्या सासूनं त्यांच्या गोरबोलीत काही विचारलं. तिनं उत्तर दिलं. सासू हसली. मला कळलं नाही, आणि मी अर्थ विचारला नाही. निघालो तेव्हा ती पाठमोरीच म्हणाली, ‘‘इथं माफी मागून काय होते सर? हसणारे तं तिथं होते.’’

पुढच्या रविवारी हजेरीला मी कुणालाच बोलावलं नाही. स्वतः तिसऱ्या पायरीवर चढलो. तिथून सगळे चेहरे दिसतात, हे मला माहीत नव्हतं. एकेक, स्वच्छ. मी म्हणालो, ‘‘चार वर्षांपूर्वी माझ्या नावावर जे पळणं होतं ते देवकीताई राठोड यांचं होतं. मी पळत नव्हतो. मला हृदयाचा आजार आहे. त्यांना मी इथं खोटं पाडलं आणि त्यांच्या तांड्यावरून बोललो. ते नीचपणाचं होतं. मी त्यांची माफी मागतो.’’

मग मागून एकानं, नवीनच आलेल्यानं, हा हजेरीचाच भाग समजून सवयीनं विचारलं, ‘‘कारण?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो, आणि उतरलो.