अक्कांनी वाढायचं थांबवलं

आधी अक्कांचं सांगतो, मग माझं. धुळ्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांची खानावळ. नाव छापलेलं त्यांना चालणार नाही, आणि तसंही त्यांना सगळे अक्काच म्हणतात. माझ्या पोटाचं ऑपरेशन मुंबईच्या सर्जननं केलं, त्यांचे उपकार आहेतच. पण ऑपरेशननंतरची वर्षं मी निभावली आणि माझ्या हातून कुणाचा जीव गेला नाही, ते अक्कांमुळे. हे मी देवासमोर सांगेन.

मी मूळचा मालवणकडचा. सातवीनंतर शाळा सुटली. लॉरीवर चढलो तो गाडी शिकत शिकत खानदेशात येऊन थांबलो. नानांची जीप चालवायला मिळाली. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगाव, तिथून परत. माणसं भरायची आणि निघायचं. नाना म्हणजे जीपचे मालक. बोलायला कडक, पण परक्या मुलखातल्या माणसाला त्यांनी चावी दिली होती.

मी लहानपणापासूनच जाड. धुळ्यात आल्यावर तर इतका वाढलो, की स्टिअरिंग घासून शर्टाची मधली बटणं टिकायची नाहीत. नाना म्हणायचे, "गाडीच्या स्प्रिंगा नव्या टाकल्या त्या पॅसेंजरसाठी नाहीत रे, तुझ्यासाठी." पॅसेंजरही सोडत नसत. "ड्रायव्हरभाऊ, तुमच्या सीटचं तिकीट दोन माणसांचं घेतात का?" मी हसायचो. हसण्यानं भागत होतं तोवर ठीक होतं.

खरी गोष्ट झोपेची होती. रात्री पुरेसा झोपूनही दिवसा माझे डोळे मिटायचे. बोलता बोलता, चहाचा कप हातात असताना. एकदा जळगावच्या स्टँडवर गाडी उभी असताना मी स्टिअरिंगवर डोकं टेकून घोरत होतो आणि पॅसेंजर बाहेरून काच वाजवत होते. नानांनी ते पाहिलं. त्यांनीच ओळख काढून मला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं कळलं, की मानेभोवतीच्या चरबीनं रात्री श्वासाची वाट दबते. माणूस झोपतो, पण त्याला झोप लागत नाही. वजन उतरलं तरच हे जाईल.

तेव्हा, म्हणजे नव्वदनंतरच्या त्या वर्षांत, पोट लहान करायचं ऑपरेशन फार थोड्या ठिकाणी व्हायचं. त्यांनी टाके मारून पोटाच्या वरच्या भागात एक छोटीशी पिशवी केली. घरी सोडताना सर्जन म्हणाले, "घट्ट खा, चावून खा. जेवताना पाणी नको. गोड आणि पातळ यांच्यापासून जपा. ते या पिशवीत थांबत नाही, सरळ खाली जातं. वजन परत वाढलं तर झोपही परत येईल. आणि दुसऱ्यांदा हे करायला माझ्याकडे येऊ नका."

नानांनीही आपली अट सांगितली. "झोप गेली तर गाडी तुझी. परत दिसली तर चावी माझी. माणसं बसतात त्या गाडीत."

पहिलं वर्ष फार चांगलं गेलं. वजन उतरलं, दिवसा डोळे उघडे राहायला लागले. पारोळ्याच्या किल्ल्याच्या पायऱ्या मी धापा न टाकता चढलो आणि वर उभा राहून एकटाच हसलो.

पण खानदेशात कमी जेवणारा माणूस कुणालाच बघवत नाही. ताटावर आग्रह न करणं म्हणजे माणसाला हाकलून देणं, असं तिथं मानतात. मी चार घास खाऊन थांबायचो. कधी घाईत भाकरी नीट चावली जायची नाही, छातीत अडकायची आणि मी उठून मोरीकडे पळायचो. अक्का दारातून बघायच्या. त्यांच्या खानावळीतून माणूस उपाशी उठतो, हे त्यांच्या जिवाला लागलं. मग त्यांनी माझ्यासाठी मऊ काय काय करायला सुरुवात केली. सकाळी शिरा, दुपारी केळ्याचं शिकरण, उन्हाळा लागला तसा आमरस.

"हाई खाय ले," त्या म्हणायच्या. "गळामा अडकस नही."

खरंच अडकत नव्हतं. पारोळ्याचा चहावाला मला बघितलं की आपणहून जास्त साखर घालायचा. म्हणायचा, "ऑपरेशनची कमजोरी आहे भाऊ, साखरेनं भरून निघते." एरंडोलला एक ओळखीचे गृहस्थ लिंबूसरबताचा ग्लास खिडकीतून आत द्यायचे. सगळे प्रेमानं देत होते. मलाही आवडत होतं, खोटं कशाला सांगू. वाटायचं, लहान मूलसुद्धा माझ्यापेक्षा जास्त जेवतं, मग एवढ्यानं काय होणार आहे?

मे महिन्यात पँटचा हूक लागेना. मी शिंप्याकडे जाऊन तो पुढे सरकवून घेतला आणि विषय मिटवला.

मग तो दिवस आला. पारोळा मागे पडलं होतं, दुपार टळटळीत होती. जीप भरलेली. मागच्या सीटवर एक बाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती, माझ्या शेजारी एक म्हातारे आबा. समोर रस्त्याच्या कडेला कडुनिंबाचं मोठं झाड दिसत होतं. पुढच्या क्षणी ते झाड मागे होतं. मधलं काहीच मला आठवत नव्हतं. डाव्या चाकाखाली माती करकरत होती आणि आबांचा हात स्टिअरिंगवर, माझ्या हातावर होता.

मी गाडी थांबवली. मागे कुणाला काही कळलं नव्हतं, सगळे उन्हानं पेंगत होते. आबा हलक्या आवाजात म्हणाले, "ऊन लई शे भाऊ. पुढे चहा पिऊत. गोडसा."

मीही स्वतःला तेच सांगितलं. ऊन आहे. उन्हात सगळ्यांनाच झोप येते. पण जळगावपर्यंत मी दात घट्ट आवळून बसलो होतो आणि आरशात त्या बाईच्या मांडीवरचं पोर मला सारखं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी फेरी चुकवली. पोट बिघडल्याचं नानांना कळवलं आणि दुपारी खानावळ रिकामी झाल्यावर अक्कांसमोर जाऊन बसलो. घडलं ते सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून ऐकलं. मग विचारलं, "नानाले सांगं का?"

"नाही."

"काबर?"

"चावी घेतील, अक्का. मग मी काय करू? गावी कोणत्या तोंडानं जाऊ?"

त्या जवळ सरकल्या. "डाक्टर काय म्हने? बठ्ठं सांग."

डॉक्टरांचं बोलणं मी त्यांना कधी पूर्ण सांगितलंच नव्हतं. त्या एवढ्या मायेनं वाढत होत्या, त्यांना काय सांगायचं. आता सांगितलं. गोड, पातळ, सरळ खाली जातं, सगळं. अक्कांनी चुलीकडे बघितलं. माझ्यासाठी झाकून ठेवलेला शिरा तिथं होता.  मग उठल्या, पातेलं उचललं आणि शेजारच्या घरी देऊन आल्या. परत आल्यावर माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाल्या, "मन्हा हातनं व्हयनं हाई."

तुमच्यामुळे नाही, असं मी म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही.

त्या दिवसापासून माझं ताट बदललं. घट्ट वरण, मुगाची उसळ, उकडलेलं अंडं, भाकरीचा छोटा तुकडा. पाण्याचा तांब्या त्या उचलून लांब ठेवायच्या आणि समोर बसायच्या. "चाव. आखो चाव." बाकीची गिऱ्हाइकं मजा घ्यायची. एक जण म्हणाला, "अक्का, आमच्यासमोरही बसा की कधी." अक्का म्हणाल्या, "काबर? तुले दात नहीत का?"

पण झोपेचं भूत लगेच उतरत नाही. मी गाडी चालवत होतो आणि भीत होतो. खिडकी उघडी ठेवायची, तोंडात लवंग धरायची, पॅसेंजरशी उगाच बोलत राहायचं. नानांना अजून सांगितलं नव्हतं. अक्का रोज फक्त माझ्याकडे बघायच्या. विचारत नव्हत्या.

त्याच दिवसांत पारोळ्याला नानांच्या जुन्या घरी त्यांच्या मुलीचा साखरपुडा झाला. व्याह्यांना जळगावहून आणायचं काम माझ्याकडे होतं. स्वयंपाकावर देखरेख करायला नानांनी अक्कांना बोलावलं होतं. पंगत बसली, वरण-बट्टी झाली, मग आमरस निघाला. रसाचं भांडं अक्कांच्या हातात होतं. एकेकाची वाटी भरत त्या माझ्यापर्यंत आल्या आणि मला ओलांडून पुढच्या माणसाला वाढायला लागल्या.

पंगतीत माणूस ओलांडणं म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. व्याह्यांच्या लगेच ध्यानात आलं. ते नानांना म्हणाले, "नाना, तुमच्या पंगतीत एक जण राहिला."

नानांचा चेहरा उतरला. "अक्का, त्याला वाढा."

अक्का थांबल्या. "त्याले मी रस वाढत नही."

"काय बोलताय? माझ्या दारात?" नाना स्वतः पुढे आले, अक्कांच्या हातातलं भांडं घेतलं आणि माझ्या वाटीवर धरलं. "घे रे. माझ्या हातचा घे."

सगळी पंगत माझ्याकडे बघत होती. नाही म्हणावं तर व्याह्यांसमोर मालकाचा अपमान. हो म्हणावं तर संध्याकाळी तीच माणसं गाडीत घालून एरंडोलचा रस्ता कापायचा. मी अक्कांकडे बघितलं. त्या सांगू शकत होत्या, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. ते माझं मलाच बोलायचं होतं.

मी वाटीवर हात ठेवला. "नाना, नको. झोप परत येतेय."

नानांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि हात पुढे केला. मी खिशातून चावी काढून दिली. व्याही हसत म्हणाले, "मग आम्हाला परत कोण नेणार?" नाना म्हणाले, "मी नेतो." आणि पुढचा रस स्वतः वाढायला लागले. माझ्या हातातला घास तसाच राहिला. मी जेवलो नाही आणि त्या दिवशी कुणी आग्रहही केला नाही.

चावीशिवायचे ते दिवस वाईट होते. अक्कांनी खानावळीत काम दिलं, मागची खोली दिली. पहाटे पांझरा नदीच्या काठानं चालायला लावायच्या. परत आलो की पाय बघायच्या, धूळ लागली आहे की नाही. चहा बिनसाखरेचा. पारोळ्याच्या चहावाल्याला त्यांनी निरोप पाठवला होता म्हणे. काय निरोप, ते त्यानं मला कधी सांगितलं नाही, पण नंतर तो मला बघून साखरेचा डबा लपवायचा.

पाऊस सुरू होऊन बरेच दिवस झाल्यावर नाना खानावळीत यायला लागले. नेमके दुपारी, जेवणानंतर, डोळे जड होतात तेव्हा. समोरच्या बाकावर बसायचे, पेपर उघडायचे आणि बोलायचे नाहीत. मध्येच पेपरावरून माझ्याकडे बघायचे. मी ताठ बसलेलो. घाम यायचा, पण डोळे मिटत नव्हते. अक्का त्या वेळी भांड्याचाही आवाज करायच्या नाहीत. आवाजानं मी जागा राहिलो, असं नानांना वाटू नये म्हणून.

एके दुपारी नानांनी पेपराची घडी घातली, चावी बाकावर ठेवली आणि उठले. "उद्या पहिली फेरी. मी पुढे बसेन." दारातून वळून अक्कांना म्हणाले, "तुम्ही माझ्या पंगतीत माणूस ओलांडला, ते मी विसरलो नाही." अक्का म्हणाल्या, "ईसरू नका."

अजूनही गोडाची ताटं समोर येतात. अजूनही दुपारी त्या रस्त्यावर माझे हात घट्ट होतात. सुटलो, असं मी कधी म्हणत नाही. रोज सांभाळतो, एवढंच.

अक्कांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरलाय. भाकरी चाचपून उलटतात. ऑपरेशनला घाबरतात आणि दर वेळी पुढच्या महिन्यावर टाकतात. मी त्यांना जबरदस्ती करणार नाही. पण ज्या दिवशी त्या हो म्हणतील, त्या दिवशी जीपमधून मीच त्यांना जळगावच्या दवाखान्यात नेईन. डोळ्यावरची पट्टी निघेपर्यंत त्यांच्या उशाशी बसेन आणि तोवर त्यांची चूल विझू देणार नाही. एवढं तरी मला फेडू द्या, अक्का.