बाबांना शून्य

बाबांना लकवा मारला. हळूहळू जीभ सुटली, पण डावा हात रुसूनच बसला. त्यात ते जेवेनात, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी कुडव्याहून स्कूटी दामटत आमगावला माहेरी जायची, तर माझ्याकडेही बघायचे नाहीत. शेवटी ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना घरीच घेऊन गेले. त्या म्हणाल्या, "मनाचा आजार रक्तात दिसत नाही. हो-नाहीचे प्रश्न विचारते, किती गुण होतात ते बघून औषधाचं ठरवू."

प्रश्न म्हटले की आमच्या घरी परीक्षाच! आईनं बाबांची दाढी करवली, इस्त्रीचा सदरा घालून खाटेवर ताठ बसवलं. शेजारीणही पदर खोचून हजर.

"बाबा, मन उदास असतं का?"

"छट्!" आई म्हणाली. "कायले उदास राहतीन? पोरं हायेत, नातवंडं हायेत, औंदा धानबी मस्त पिकलं."

"रडू येतं?"

"मर्द माणूस हाये जी!" शेजारीण.

बाबा दोघींच्या म्हणण्याला नुसती मान डोलवत होते. प्रश्न संपले. "शून्य," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आईचं तोंड एवढंसं झालं. "एकबी मार्क नाही भेटला?" इथं जितकं कमी तितकं बरं, हे कळलं तेव्हा कुठे ती चहाला उठली.

माझं डोकंच फिरलं. दोन घास न गिळणारा माणूस, आणि म्हणे शून्य! आता औषध कोण देणार? "उठा सगळे! बाहेर सपरीत जाऊन बसा!" मी ओरडले आणि दार लोटून घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं. बाबांनी आधी दाराकडे पाहिलं. मग उदास वाटतं? हो. रडू येतं? हो. जगावंसं वाटतं का, यावर मात्र "नाही."

डॉक्टरीणबाई औषध लिहून देऊन गेल्या. आईनं दाराआडून सगळं ऐकलं होतं. ती आत आली.

"मले काऊन नाही सांगितलं जी?"

"तू बोलू देशीन तवा ना!"

जन्मभर सगळ्यांच्या वाटचं बोलणारी माझी आई खाटेच्या कडेला टेकली. पदरानं डोळे पुसले. "सांगा," म्हणाली, "आता मी आयकून राहिली."

बाबा अडखळत बोलायला लागले. आणि दिवेलागणीपर्यंत आई खरोखर एक शब्द बोलली नाही.