चाऱ्याच्या कोठीतला धुडकू

कोरीटचा धुडकू पाटील जन्माचा शंकेखोर. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. हा गडी पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. बायको लवकर गेली, पोरबाळ नाही. चूल सांभाळायची ती विधवा भाभी, मंगलाबाई; तिला एक पोरगा.

सत्तावन्न साली फ्लूची साथ आली आणि धुडकूला निमोनियाने धरलं. भाभीने शेक, काढे, पेज करून त्याला मरणाच्या दारातून ओढून आणलं. ताप उतरला, पण खोकला हटेना. दिवाळीनंतर थुंकीत रक्त दिसू लागलं, अंगावरचं मांस झडलं. धुडकूने तर्क लढवला. ताप गेला तरी मी खंगतोय, म्हणजे ताटात काहीतरी पडतंय. ताट कोण वाढतं? भाभी. मी मेलो तर केळीचा मळा कोणाचा? तिच्या पोराचा! एवढी सरळ गोष्ट आपल्याला आधी कशी दिसली नाही, याचाच त्याला राग आला.

त्याने खाट उचलून आवारातल्या चाऱ्याच्या कोठीत नेली आणि आतून कडी लावली. स्वतःच भाकरी थापायचा. करपायची, पण जिवाला घोर नव्हता. भाभी दाराशी ताट ठेवून जाई. हा ते बैलापुढे सरकवी आणि बैल मरतो का ते पाहत बसे. बैल चांगला गुबगुबीत झाला.

"बैलले जहर पचस," धुडकू म्हणे.

त्या साली चारा पावसात भिजून बुरसला होता. कूस बदलली की पांढरी भुकटी उडायची, नाकातोंडात जायची. तिचा मात्र त्याला कधी संशय आला नाही.

शेवटी एकदा रक्ताची गुळणीच आली. चुलतभाऊ नथ्थूने त्याला रेल्वेने चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली.

"साहेब, जहर कोनतं शे ते सांगा," धुडकू म्हणाला.

"विष नाही, क्षयही नाही," डॉक्टर म्हणाले. "निमोनियाने फुफ्फुसात पोकळी पडली, तिथे बुरशीने घर केलंय. झोपता कुठे?"

"चाराना कोठीमा."

डॉक्टरांनी हातातला फोटो खाली ठेवला. "त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकू नका. तिथे बुरशीच श्वासात घेत होतात. खात्रीचं औषध माझ्याकडे नाही. घरात राहा, पोटभर खा."

परतीच्या वाटेवर धुडकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन तो थेट चुलीपाशी बसला.

"भाभी, तुन्हा हातनी भाकर वाढ."

मंगलाबाईने ताट वाढलं. पण पुढे सरकवण्याआधी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, त्याच्या डोळ्यांसमोर स्वतः चावून गिळला.

"आते खा, भाऊ," ती त्याच्यासमोर मांडी घालून म्हणाली. "थोडा येळ आठेच बसस मी."