विम्याचा स्वच्छ कागद

विमा कंपनीच्या दप्तरात माझ्या हातून एकही अपघात झालेला नाही. दर वर्षी नूतनीकरणाचा जो छापील कागद येई, त्यावर गेल्या वर्षात गाडीला अपघात झाला का, असा प्रश्न असे आणि त्यापुढे मी माझ्या वळणदार अक्षरात 'नाही' लिहीत असे. अक्षर माझं शाळेपासून चांगलं. त्याचा मला गर्वच होता. आता त्याच अक्षराची लाज वाटते आणि ती का वाटते, हे एकदा सांगून टाकावं म्हणतो.

कारंजा ते मानोरा या रस्त्यावर माझी मोटार चाले. एकच गाडी, मीच मालक आणि मीच ड्रायव्हर. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत पेट्रोल मिळेना, तेव्हा तिच्या पाठीमागे कोळशाच्या गॅसची भट्टी बांधून मी ती चालवली. चढ आला की उतारू खाली उतरून ढकलत आणि पैसे देऊन वर मलाच हसत. ते दिवस हालाचे होते, पण त्या दिवसांबद्दल मला काही बोच नाही. बोच आहे ती नंतरच्या दिवसांची.

लढाई संपली आणि कायदा आला. विम्याशिवाय भाड्याची मोटार रस्त्यावर आणायची नाही. आपल्या गाडीने कोणाला लागलं, कोणी दगावलं, तर कंपनी त्याला भरपाई देणार, असा त्या विम्याचा अर्थ. हा अर्थ आम्हा सगळ्या मोटारवाल्यांना पहिल्या दिवसापासून समजला होता, हे इथेच सांगून ठेवतो. अडाणीपणाचं पांघरूण मला घ्यायचं नाही.

पहिल्या वर्षीचा हप्ता आम्ही कुरकुरत भरला. दुसऱ्या वर्षी कागद आला तो वाढीव हप्ता घेऊनच. कारंजाच्या मोटारस्टँडवर त्या दिवशी कोणाला चहा गोड लागला नाही. आमचे रस्ते ज्यांनी डोळ्यांनी पाहिले नाहीत, ते मुंबईत बसून आमचे हप्ते ठरवणार, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच ते. एकाने शिव्या दिल्या आणि मुकाट्याने पैसे भरले. एकाने गाडी विकायला काढली. कामरगावच्या रस्त्यावर चालणाऱ्याने चार उतारू जास्त कोंबायला सुरुवात केली. मी दिवसाची एक फेरी वाढवली. गाडी तीच, रस्ता तोच, म्हणजे ही फेरी वेगातूनच काढावी लागणार होती. एवढा साधा हिशेब मला कळत होता.

विम्याचा एजंट अकोल्याहून आला, त्याला आम्ही घेरलं. तो बिचारा काय करणार? घाम पुसत म्हणाला, "हप्ता माझ्या हातात नाही. पण ज्याचा कागद स्वच्छ असेल, म्हणजे वर्षभरात ज्याच्या गाडीवर भरपाईचा दावा नसेल, त्याला पुढच्या वर्षी सवलत मिळू शकते."

तो गेला आणि आम्ही चहाच्या दुकानात बसून ठराव केला. ठराव म्हणजे काय, तोंडी. रस्त्यावर काही झालंच तर पोलिसात जायचं नाही, दवाखान्यात जायचं नाही, कंपनीला कळवायचं नाही. ज्याच्या गाडीने झालं त्याने स्वतः जखमी माणसाच्या घरी जायचं, धोतर-लुगडं द्यायचं, नारळ द्यायचा, त्याचा माल काही दिवस फुकट न्यायचा आणि त्याचा अंगठा घेऊन आपसात मिटवायचं. गावाकडची भांडणं अशीच तर मिटत होती. आम्ही तीच रीत मोटारीला लावली. सरकारी कायद्यापेक्षा हे जास्त माणुसकीचं आहे, असंही कोणीतरी म्हणालं. कोणीतरी कशाला, मीच म्हणालो.

एक माणूस तेवढा या ठरावात नव्हता. मंगरूळच्या रस्त्यावर गाडी चालवणारे चाचा. आमच्यात वयाने मोठे, हाताने मिस्त्री. गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं होतं. ते बशीतला चहा संपवत म्हणाले, "हप्ता भराचा आपन, अन् लागलं त्या गरिबाले भेटू द्याचं नाई. हा कायचा इन्साफ हाये, भाऊ? मले नोका धरू याच्यात."

"चाचा, तुमाले एकट्याले महाग पडन," मी म्हणालो.

"पडू दे," ते म्हणाले आणि उठून गेले.

थंडीचे दिवस होते. सकाळची पहिली फेरी. इंझोरीच्या अलीकडे एक वळण आहे, तिथे समोरून मेथीच्या जुड्यांनी भरलेली बैलगाडी आली. इंझोरीचा माळी होता तो. विहिरीवर त्याचा मळा होता आणि कारंजाच्या बाजारात त्याची भाजी पहिली खपत असे. माझ्या गाडीच्या टपावर त्याच्या टोपल्या पुष्कळदा गेलेल्या. त्या वळणावर मी रोज वेग कमी करत असे. त्या दिवशी केला नाही, कारण पुढची फेरी साधायची होती. भोंगा वाजवला, बैल बुजले, माझ्या मडगार्डने त्याच्या गाडीचा आस धरला आणि गाडी नालीत उलटली. माळी खाली. त्याच्या मांडीवरून बैलगाडीचं चाक गेलं होतं.

चूक माझी होती. बैलांचीही नव्हती आणि वळणाचीही नव्हती.

उतारूंनी बैलगाडी उचलली. त्याला मी माझ्या मोटारीत आडवा घातला आणि कारंजात आणला. स्टँडवर चाचा गाडी सुरू करायला हँडल मारत होते. ते धावत आले, त्यांनी पाय पाहिला आणि म्हणाले, "सीदा दवाखान्यात घेऊन जाय याले. हाड हाये ते, टायरची टूब नोहे ठिगळ लावाले!"

दवाखान्यात नेलं की डॉक्टर लिहून घेणार, पोलीस येणार, कागद कंपनीकडे जाणार. मी त्याला हाड बसवणाऱ्याकडे नेलं. तो पहिलवान होता, हात त्याचा बरा म्हणत. मनगट, खांदा असल्या गोष्टी तो बसवतही असे. मांडीचं हाड ही त्याच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती, हे मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलं होतं. त्याने ओढून बांबूच्या पट्ट्या बांधल्या, तेव्हा माळी ओरडला तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

आठवड्याने मी इंझोरीला गेलो. धोतर, त्याच्या बायकोला लुगडं, नारळ, गूळ, सगळं रीतसर. त्या दोघांना इतकं ओशाळल्यासारखं झालं की जणू त्यांनीच मला धडक दिली होती. बायको म्हणाली, "कायले एवढं आनलं, भाऊ? बैलं बुजले त्याले तुमी काय करसान?" मी वर्षभर त्यांच्या टोपल्या फुकट नेण्याचं कबूल केलं. मग खिशातून कागद काढला. बैल बुजून गाडी उलटली, मोटारीचा धक्का लागला नाही, असं मी त्यावर घरूनच लिहून आणलं होतं. वाचून दाखवलं. त्याने ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि अंगठा दिला. परत येताना सुंठीवाचून खोकला गेला, असं मला वाटलं आणि मी गाडी चालवताना चक्क गुणगुणत होतो.

पाय जुळला तो वाकडा. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड झाला आणि गुडघा वाकेना. बैठं काम करणाऱ्याचं यात निभावतं. मोट हाकणाऱ्याचं निभावत नाही. बैल उताराने खाली जाताना नाड्यावर, म्हणजे मोटेच्या दोरावर, बसायचं, मोट रिकामी झाली की बैलांना उलटं मागे सरकवत वर आणायचं, असं दिवसभर. माणसाचे दोन्ही पाय धड असतील तरच मळ्याला पाणी मिळतं. बायको चार दिवस मोटेवर उभी राहिली, मग तिलाही जमेना. गडी लावण्याइतकी ऐपत नव्हती. उन्हाळ्यात अर्धा मळा वाळला. फुकट न्यायला मी कबूल केलेल्या टोपल्या दोनाच्या एक झाल्या, मग एक दिवसाआड एक, आणि मग वळणावर मला हात करायला कोणी उभं राहीना.

पावसाळ्यानंतर तो एकदा स्टँडवर आला. काठी टेकत, चालत आला असावा, कारण माझ्या गाडीने तर तो आला नव्हता. चाचांच्या गाडीच्या पायरीशी आम्ही उभे होतो. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, एक गोष्ट इच्यारू का? बाजारात लोकं म्हंतेत, मोटारीचा कायतरी इमा असते. पाय मोडला, हात मोडला तं त्याच्यातून मानसाले भेटते म्हंतेत. मले काई भेटन का? गडी लावला असता मोटेवर."

नूतनीकरणाचा अर्ज त्या दिवशी माझ्या खिशात होता. भरलेला, 'नाही' लिहिलेला.

मी म्हणालो, "तो इमा गाडीचा असते, दादा. मानसाचा नाई."

त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. मग मान हलवून म्हणाला, "तुमी सांगतलं म्हंजे नसनच. लोकं काईबी बोलतेत." आणि वळून बाजाराकडे गेला.

चाचांनी सगळं ऐकलं होतं. ते मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडलो असतो आणि बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याबरोबर चहा घेणं सोडलं. गाडी बिघडली तर दुरुस्त करून देत, पण पैसे घेऊन. आधी ते माझ्याकडून कधी पैसे घेत नसत.

आणि त्या वर्षीचा हप्ता? तो पुन्हा वाढला. माझाही वाढला आणि चाचांचाही तेवढाच वाढला. त्यांच्या गाडीखाली कोणाची तरी म्हैस जखमी झाली होती आणि ती त्यांनी खरी खरी कळवली होती. सवलत कोणालाच नव्हती. एजंट म्हणाला, सवलत मिळू शकते असं मी म्हणालो होतो, मिळेल असं नाही. तेव्हा मी त्याच्या अंगावर धावून गेलो होतो. माझा राग त्याच्यावर नव्हता हे आता समजतं.

त्यानंतर मी एकटाच अकोल्याला गेलो. एजंटला बाजूला घेऊन, दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगतो आहे अशा बेताने, सगळं सांगितलं. तो म्हणाला, पोलिसात नोंद नाही, दवाखान्याचा कागद नाही, मुदत गेली, आणि वर जखमी माणसाचा अंगठा असलेला कागद म्हणतो की मोटार लागलीच नाही. आता कोणी काही देणार नाही. मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाला, "त्या मोटारवाल्याने वेळेवर कळवलं असतं, तर जखमी माणसाला चांगली भरपाई मिळाली असती. विमा त्यासाठीच असतो."

स्वतःच्या खिशातून द्यायचं मनात आलं नाही असं नाही. पण एकदम मोठी रक्कम दिली तर ती कशाबद्दल, हे सांगावं लागलं असतं. थोडी दिली असती तर लाज वाटली असती. मग काहीच न देता आधी जाऊन खरं सांगायचं, असं मी ठरवलं. तो शिव्या देईल, गावातली माणसं जमतील, कदाचित मारतीलही. ते सगळं सोसायची तयारी करून मी इंझोरीला गेलो.

तो ओसरीवर बसून दोर वळत होता. मला पाहून काठी शोधायला लागला. बायकोने बाज टाकली, पाणी दिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तो बायकोला म्हणाला, "हे भाऊ नसते, तं मी त्या दिवशी नालीतच मेलो असतो. आपल्या गाडीत घालून नेलं मले. आजकाल कोन नेते?" ती म्हणाली, "अन् टोपल्याचा एक पैसा घेतला नाई." मग ती मागे गेली. विहिरीजवळची पाच-सात झाडं ती डोक्यावरून घागरींनी पाणी आणून जगवत होती. त्यांची वांगी तिने तोडून आणली आणि माझ्या उपरण्यात बांधली. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "घ्या हो. तुमाले द्याले आमच्यापाशी दुसरं काय हाये?"

मी घटकाभर बसलो. कापसाच्या भावाचं बोललो, बैलांचं बोललो. मग निघालो.

घरी बायकोने त्या वांग्यांची भाजी केली. कोणी दिली, असं तिने विचारलं तेव्हा मी म्हणालो, ओळखीच्या माणसाने. भाजी चांगली झाली होती आणि मी दोनदा वाढून घेतली. माळ्याला वळणावर धडक दिली आणि स्टँडवर खोटं सांगितलं, त्याला हप्त्याचं निमित्त तरी होतं. त्या दिवशी खरं सांगायला जाऊन वांगी घेऊन परत आलो, त्याला कसलंच निमित्त नव्हतं.