बॉनेटवरच्या तीन रेघा

सौंसरच्या आमच्या घरासमोर कडुनिंबाचं झाड आहे. विजेच्या तारांना लागते म्हणून त्याची एक जाड फांदी छाटली, आणि तेव्हापासून त्या खुंटातून डिंक गळतो. नवी गाडी घेतली त्या महिन्यात मी ती नोकरीच्या गावाहून, पांढुर्ण्याहून, पहिल्यांदा घरी आणली आणि नेमकी त्याच खुंटाखाली लावली. सकाळी साळ्याच्या कुटुंबाला घेऊन गाडी पूजेसाठी जामसांवलीच्या देवळाला न्यायची होती. उठून बघतो तर मरून रंगाच्या बॉनेटवर डिंकाचे पाच-सहा थेंब वाळून घट्ट बसलेले.

मी ऑफिसच्या बॅगेतून स्टीलची पट्टी काढली. बाबांनी ओट्यावरून पाहिलं.

"काहून खरडून राहिला? डिंक हाय तो. गरम पाण्याचा कपडा ठेव तासभर. फुगला का आपोआप निंगते."

"तासभर कुठून आणू बाबा? ते लोक येऊन राहिले."

"येऊ दे ना. बसतीन, च्या पेतीन. थांब, मी पाणी ठेवतो."

बाबा आत गेले. डिंक म्हणजे काय हे त्यांना शिकवायची कुणाचीही टाप नव्हती. आमची संत्र्याची थोडी झाडं आहेत. संत्र्याच्या बुंध्यातून डिंक वाहू लागला की झाड खचतं. तेव्हा बाबा धारदार चाकूनं डिंक आणि सडकी साल खरडून काढायचे आणि त्या जागी मोरचूद-चुन्याचा लेप लावायचे. ते काम करताना त्यांचा चाकू निरोग्या सालीला कधी लागला नाही. कुठं खरडायचं आणि कुठं नाही, हे त्यांच्या हाताला कळत होतं.

मला कळत नव्हतं. मी पट्टी टेकवून जोरात ओढली. एक थेंब निघाला, पण त्याच्यासोबत रंगही गेला. मी घाबरलो, आणि घाबरल्यावर माणसानं थांबावं तर मी अजून दोनदा ओढली. तीन पांढऱ्या रेघा उमटल्या, वीतभर लांब. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि माझा साळा बायको-पोरांसह उतरला. मी पट्टी खिशात घातली.

साळ्यानं आधी गाडीच पाहिली. "अरे बाप रे! भाऊजी, हे काय? वाघानं पंजा मारला का?"

आणि मी म्हणालो, "बाबांनी खरडलं. संत्र्याचं झाड समजले."

सगळे खो खो हसले. "बरं झालं, मोरचूद नाही लावला बाबाजींनी," साळा म्हणाला.

बाबा दारात उभे होते. हातात गरम पाण्याचं पितळी गंज, खांद्यावर दुपट्टा. त्यांनी ऐकलं होतं. त्यांची नजर माझ्या खिशातून डोकावणाऱ्या पट्टीवर गेली, मग माझ्यावर. मी मान वळवली. मागून आई पदर सावरत बाहेर येत होती, आणि तिच्या कानावर पडलं ते फक्त बाबांचं उत्तर. बाबा म्हणाले, "हौ. हाताले सवय हाय."

गंज ओट्यावर ठेवून ते चपला घालायला गेले.

एवढीच गोष्ट. पण ती तिथं संपली नाही. लग्नकार्यात, बारशाला, कुणी गाडीपाशी उभं राहिलं की हसणं निघायचंच. "बाबाजींच्या हाती फडकं नका देऊ, बुंध्यापर्यंत सोलतीन." बाबाही हसायचे. गाडी पहिल्यांदा रात्रभर दारात होती, तेव्हा पहाटे उठून त्यांनी दुपट्ट्यानं तिच्या काचा पुसल्या होत्या. त्यानंतर त्यांनी गाडीला हात लावला नाही. कुठं जायचं असलं तर मी दार उघडेपर्यंत बाजूला उभे राहायचे. मी त्यांना कधी म्हटलं नाही की बाबा, उघडा ना.

गेल्या हिवाळ्यात त्यांना नागपूरच्या दवाखान्यात नेलं, तेही याच गाडीतून. ते मागच्या सीटवर डोळे मिटून पडले होते. आज सांगतो, असं मी सौंसर सोडल्यापासून ठरवत होतो. पण शेजारी आई होती, पुढे साळा होता. दोघांसमोर कसं सांगायचं, म्हणून मी गाडी चालवत राहिलो. खरं तर त्या दोघांसमोरच सांगायला हवं होतं. बाबा परत आले नाहीत.

या महिन्यात मी गाडी पुन्हा त्या खुंटाखाली लावली. मुद्दाम. सकाळी पाणी तापवलं, जुन्या धोतराचे तुकडे भिजवले आणि रात्रीतून पडलेल्या एकेका थेंबावर ठेवले, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसे. आई ओट्यावर सुपात तूर निवडत होती. मी तिच्यापाशी जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. पट्टी, खिसा, रिक्षा, सगळं.

तिनं सूप खाली ठेवलं. "असं काहून बोलून राहिला?"

"खरं हाय आई. मीच खरडलं होतं."

"मी काय बहिरी होती का? त्यायनं सोताच्या तोंडानं सांगितलं, हाताले सवय हाय म्हणून."

"मले वाचवाले म्हणाले ते."

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. डोळे भरून आले होते तिचे. "बापाची चुकी आपल्या डोक्यावर घेऊन राहिला. पोरगा असावा त असा."

मी पुन्हा सांगितलं. तिला उठवून गाडीपाशी नेलं, रेघा दाखवल्या. म्हटलं, चाकूची रेघ अशी सरळ, एकसारखी नसते, ही माझ्या पट्टीची आहे. ती "हौ, हौ" करत राहिली, रडणाऱ्याला समजावतात तशी.

मग मी एक तुकडा उचलला. डिंक फुगून पांढुरका झाला होता. बोटानं नुसता लोटला तर सरकून निघून आला. खालचा रंग जसाच्या तसा. तासही झाला नव्हता.

आईनं वाकून पाहिलं. बाजूच्या रेघांवरून बोट फिरवलं.

"पाय, किती सोपं होतं," ती म्हणाली. "त्यायले येवढी कळ काढाले काय झालं होतं?"

माझ्या हातात तो ओला तुकडा होता. मी तो पिळला आणि पुढच्या थेंबावर ठेवला.