रिक्त पदे : निरंक

तायडे सरांची लढाई शासनानं बुडवली, असं आमच्या कॉलेजात आजही बोललं जातं. ते खरं नाही. ती मी बुडवली. मी तिथला मुख्य लिपिक. खुर्चीतून न उठता, एका दुपारी, पंधरा मिनिटांत मी ते काम केलं. सरांना जाऊन दीड वर्ष होत आलं, म्हणून आता लिहितो आहे.

सर भूगोल शिकवायचे, धाडहून रोज एसटीनं यायचे. काखेत कायम जिल्ह्याच्या नकाशाची गुंडाळी. भूगोलाचे दोन्ही कायम प्राध्यापक निवृत्त झाले, त्यांच्या जागा शासनानं भरल्या नाहीत आणि अख्खा विभाग तासिका तत्त्वावरच्या या एका माणसावर आला. जितके तास शिकवाल तितकंच मानधन, उन्हाळ्यात तेही नाही. सरांनी स्वतःविषयी कधी तक्रार केली नाही. ते फक्त नकाशा उघडायचे.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की प्रत्येक मुलामुलीला नकाशासमोर उभं करून ते विचारायचे, "तुह्यं गाव दाखव." बोट टेकलं की तिथं लाल शाईचा ठिपका. दिवाळीपर्यंत नकाशा गोवर उठल्यासारखा दिसे. एकदा मला म्हणाले, "बडेबाबू, हे ठिपके मोजू नका, पाहा. हे धामणगाव बढ्याकडचे, हे आमच्या धाडकडचे. यातल्या निम्म्या पोरी हायेत. विभाग बंद झाला तं ह्या बुलडाण्याले नाही जात, खामगावले नाही जात. ह्या घरी बसतेत."

दोन्ही पदं भरायला परवानगी मिळावी, एवढंच त्यांचं मागणं. निवेदन लिहिलं की माझ्या टेबलाशी येऊन जावक क्रमांक पडेपर्यंत हलायचे नाहीत. मी चिडवायचो, "सर, नंबरानं काय होते?" ते म्हणत, "सरकारले बोललेलं आयकू येत नाही, बडेबाबू. नंबर टाकलेल्या कागदावरचंच आयकू येते."

आमदार विश्रामगृहावर आले तेव्हा सरांसोबत मीही गेलो होतो. सरांनी टेबलावरचे चहाचे कप बाजूला सारले आणि नकाशा पसरला. "साहेब, निवेदन वाचाले तुमाले टाइम नसते. पाहाले तं असते ना?"

आमदार हसले. "मास्तर, मले बी शिकवून राह्यले का तुम्ही?"

"हाव. तुमची हजेरी लय कमी हाय."

सगळे हसले. पण आमदार वाकून पाहत राहिले, स्वतःचं गाव शोधलं, तिथले तीन ठिपके पाहिले. हिवाळी अधिवेशनात प्रश्न टाकतो म्हणाले, आणि तारांकित प्रश्न टाकलाही : भूगोलाची दोन पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय? परतीच्या एसटीत सर मला म्हणाले होते, "आता सरकारले उत्तर द्याच लागन."

उत्तर द्यायला शासन माहिती खालून मागवतं. वरच्या कार्यालयातून फोन आला. सभागृहाचं काम आहे, तासाभरात तक्ता पाठवा. त्या दिवशी परीक्षा अर्जांची शेवटची तारीख होती आणि खिडकीवर रांग होती. अशा वेळी आम्ही बाबू लोक जे करतो तेच मी केलं. जुना तक्ता उघडला, तारीख बदलली, प्राचार्यांची सही घेतली आणि पाठवला. तो दोन्ही प्राध्यापक कामावर होते तेव्हाचा होता. भूगोलापुढे लिहिलेलं होतं : रिक्त पदे, निरंक. म्हणजे एकही नाही.

सभागृहात उत्तर आलं : हे खरे नाही. आणि पुढच्या ओळीत : प्रश्न उद्भवत नाही.

आमदारांचा फोन आला तेव्हा सर माझ्याच टेबलापुढे उभे होते. आवाज मलाही ऐकू येत होता. "मास्तर, लोकांपुढं माह्यं तोंड काळं केलं तुम्ही. तुमच्याच कॉलेजचा कागद म्हणते का जागा रिकामी नाही!" त्यानंतर त्यांनी सरांचा फोन कधी उचलला नाही.

सरांनी मला विचारलं, "बडेबाबू, आपल्या इथून काय गेलं होतं?"

तेव्हा सांगता आलं असतं. दुरुस्तीचं पत्र त्याच दिवशी जाऊ शकलं असतं. मी म्हणालो, "आपल्याकडून बरोबरच गेलं, सर. वरतीच गडबड झाली असन." त्यांनी विश्वास ठेवला. उलट मलाच चहा पाजला.

पुढच्या जूनमध्ये कायम शिक्षक नाही म्हणून भूगोलाचे प्रवेश थांबले. सरांनी नकाशा अडकवायचा भिंतीवरचा खिळासुद्धा काढून नेला. ते धाडला भावाच्या बियाण्यांच्या दुकानात बसू लागले, आणि तीन वर्षांत आजारानं अंथरुणाला खिळले.

ते कळल्यावर मी गेलो. पाय धरले आणि सगळं सांगितलं. सरांनी छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "तू होता का बे?" मला त्यांनी कधी 'बे' म्हटलं नव्हतं. पुढे म्हणाले, "मले तोंडी काऊन सांगून राह्यले? नंबर टाकून आणा."

परत येऊन मी पत्र लिहिलं. प्राचार्य म्हणाले, "आता काय उपयोग? तुमच्या नोकरीवर गदा येईल." मी सही घेतली, जावक क्रमांक टाकला, मूळ पत्र वर पाठवलं आणि प्रत घेऊन धाडला गेलो. सरांना आता वाचता येत नव्हतं. उशाशी नकाशाची गुंडाळी होती.

"नंबर?" त्यांनी विचारलं. मी सांगितला.

"वाचा मोठ्यानं."

मी उभा राहून वाचलं : "भूगोल विषयाची रिक्त पदे निरंक नसून दोन होती. चुकीची माहिती माझ्या हातून गेली आणि ती चूक मी लपवली. प्रा. तायडे यांचे म्हणणे खरे होते. त्यांची व त्यांच्या विद्यार्थ्यांची मी क्षमा मागतो."