गाडीत उगवलेलं बियाणं

माझ्याकडे एक अठरा वर्षांची परदेशी, ऐटबाज गाडी आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. बोनेटवरचं चिन्ह माझ्याकडे यायच्या आधीच कोणीतरी उपटून नेलं होतं, त्यामुळे नाव न सांगणं मला सोपं जातं. मुरबाडच्या बाजूला एका फार्महाऊसवर ती चिकूच्या झाडाखाली पडून होती. मालकाला ती नजरेसमोर नको होती आणि मला हवी होती, एवढ्यावर सौदा झाला. सापगावला घरी आणली तेव्हा आईने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हिच्यात भाताची पोती किती मावतील रे?"

मी शाळेत विज्ञान शिकवतो. तत्त्व कळलं की वस्तू दुरुस्त करता येते, हा विज्ञानाच्या मास्तरांचा जुना आजार आहे. शहापुरात एका मेकॅनिकने तिचं बोनेट उघडलं, आतली प्लास्टिकची झाकणं पाहिली, दोन्ही हात जोडले आणि बोनेट पुन्हा लावून टाकलं. मग मीच मोबाइलवर व्हिडिओ बघून कामाला लागलो. व्हिडिओतला माणूस रशियन बोलायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण पाना कुठल्या बाजूला फिरतोय ते दिसायचं. दारात पडणारी काच मी वर आणली, वायपर चालू केले, पाण्याचा फुटका पाइप बदलला. प्रत्येक दुरुस्तीनंतर दोन-तीन स्क्रू उरायचे. बायको म्हणायची, "अजून थोडे जमू देत, त्यातून दुसरी गाडी होईल."

गाडी आणल्याला दोन वर्षं होत आली तेव्हा, पावसाळ्याच्या तोंडावर, तिच्या छताचं काम काढलं. या गाडीच्या छताला उघडणारी काच आहे. तिच्या कडेला साचलेलं पाणी दारांच्या खांबांतून जाणाऱ्या बारीक नळ्यांवाटे बाहेर पडतं. चिकूच्या पाल्याने त्या नळ्या तुंबल्या होत्या. व्हिडिओतला माणूस एक लवचीक तार घालून, हळूहळू, अर्धा तास ती नळी साफ करत होता. मला इतका दम कुठला! मी सरळ पंक्चरवाल्याकडे गेलो आणि म्हटलं, मार हवा. भस्सकन आवाज झाला. मी खूश झालो. खांबाच्या आत नळी जागची निखळली होती, हे मला पुढे कळलं. छताचं सगळं पाणी आता बाहेर न जाता गाडीच्या पोटात उतरणार होतं.

त्याच आठवड्यात आईला घेऊन धसईजवळच्या मामाकडे गेलो. आईच्या माहेरचं एक भाताचं बियाणं आहे, तांबड्या फोलाचं, वासाचं. तिच्या लहानपणी सगळं गाव तेच पेरायचं. आता सगळे पाकिटातलं बी आणतात. एकट्या मामाने ते धरून ठेवलं होतं आणि यंदा त्यानेही हात टेकले. "ताय, तूच ने. माज्याच्याने आता हे होत नाय," म्हणाला. उरलेलं बियाणं कापडी पिशवीत भरून त्याने मागच्या सीटच्या पायाशी ठेवलं. पिशवीचा एक कोपरा उंदराने कुरतडलेला होता. ते ना त्याने पाहिलं, ना आम्ही.

आईने घरी येऊन ते राबात पेरलं. राब म्हणजे रोपं करायची भाजलेली जागा. चार दिवसांनी वरच्या शेताचा बांध फुटला आणि सगळा राब गाळाखाली गेला. आई बांधावर उभी राहून बघत होती. मी सांत्वन म्हणून म्हटलं, पाकिटातलं आणू. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी छत्री तिच्या हातात देऊन मागे सरकलो. मामाला फोन केला, तर त्याच्याकडे दाणा उरलेला नव्हता. त्या दिवशी ती जेवली नाही. तिच्या आईच्या हातचं, आजीच्या हातचं बियाणं तिच्या हातात येऊन संपलं, हे तिच्या मनाला फार लागलं होतं.

दोन दिवसांनी मी गाडीचं दार उघडलं. आत तळ्यासारखं पाणी आणि आंबूस वास. मागच्या पायदानावर, पुढच्या सीटखालीसुद्धा, हिरवीगार लव उगवलेली. मला वाटलं, शेवाळ. माझा पारा चढला. रशियन माणसाला, पंक्चरवाल्याला, चिकूला, जे तोंडाला येईल ते बोललो. मग एक काडी उपटून पाहिली. टोकाला भाताचा तांबडा दाणा लटकत होता.

आरडाओरडा ऐकून आई आली. चिखलाच्या पायांनी ती त्या मलईच्या रंगाच्या चामडी सीटवर चढली, गुडघ्यांवर बसली आणि खाली वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "हात लावू नको."

"आई, गालिच्याखाली गाडीचा मेंदू आहे. एक डबा आहे, त्यात सगळ्या वायरी जातात. तो पाण्यात आहे. आजच्या आज गालिचा उचलून सुकवला नाही तर गाडी मेली समज."

"किती दिसांत मरल?"

"आठ-दहा."

"रोपाला ईस लागतात," ती म्हणाली, जणू निकालच लागला.

मी मास्तर असल्यामुळे मधला मार्ग सुचवला. रोपं काढून कुंडीत लावू. तिने तीन काढून पाहिली. गालिचा अस्सल लोकरीचा, खाली बोटभर जाड नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर, त्यात मुळं अशी घुसली होती की तिन्ही तुटली आणि दुसऱ्या दिवशी सुकून गेली. गालिचाच कापून रोपांसकट बाहेर काढू, असं बायको म्हणाली. आई म्हणाली, एवढी कोवळी मुळं हिसक्याने तुटतील, आणि बाहेरचा पावसाचा मार त्यांना सोसायचा नाही. मीही गालिचा कापायच्या विरोधात होतो, पण माझं कारण वेगळं होतं. तसा गालिचा आता जगात मिळत नाही.

रविवारी सकाळी मी पाना घेऊन पुढच्या सीटच्या बोल्टाशी बसलो. सीट काढायची, गालिचा ओढायचा, डबा वाचवायचा, तासाभराचं काम. बोल्ट सैलही केला. मागच्या दाराने आई आत आली होती. तिला मी सीटपलीकडे दिसत नव्हतो. चहाच्या बशीने ती एका बाजूचं जास्तीचं पाणी काढून दुसरीकडे, जिथे रोपं वर निघाली होती तिथे, घालत होती आणि त्यांच्याशी बोलत होती. काय बोलत होती ते मी सांगणार नाही. मी बोल्ट पुन्हा आवळला.

पुढचे दिवस आमच्या घरी जे चाललं ते बघायला अर्धं गाव येऊन गेलं. आईने काचा बोटभर खाली ठेवायला लावल्या. ऊन पडलं की गाडी ढकलून उन्हात, दुपारी ढकलून सावलीत. चालू करायची नाही, हादरे बसतात! राबाचे वैरी दोन, पाखरं आणि खेकडे, दोघांनाही इथे प्रवेश नव्हता. तालुक्यात सेंट्रल लॉक असलेला राब आमचा एकट्याचा. शेजारची म्हातारी काचेला नाक लावून म्हणाली, "गो बाय, माज्या रोपांना कवा अशी गादी नाय भेटली!" आई त्या दिवशी हसली.

गाडी मात्र एकेक करून माझ्या डोळ्यांदेखत मिटत गेली. आधी आतला दिवा गेला. मग काचा वर-खाली व्हायच्या थांबल्या. मग एके दिवशी किल्ली फिरवल्यावर समोरचे सगळे धोक्याचे दिवे एकदम लागले, क्षणभर दिवाळी झाली आणि सगळं काळं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? शाळेत उगाच एका वर्गावर खेकसलो. घरी बायकोने ओळखलं आणि ताटात न मागता आणखी एक भाकरी वाढली.

विसाव्या दिवशी रोपं वीतभर झाली. आवणीच्या, म्हणजे रोपं शेतात लावायच्या, सकाळी आई विळा घेऊन गाडीशी आली आणि दारात थांबली. विळा तिने माझ्यापुढे धरला. "तूच काप. माजा हात नाय चालत," म्हणाली.

मी गालिचा कापला. विळ्याने नाही, चांगल्या धारदार ब्लेडने, सरळ रेषेत, कारण कापायचा तर नीट कापावा. ताटाएवढे तुकडे केले, फळीवर ठेवले आणि आम्ही ते डोक्यावरून शेतात नेले. चिखलात बसून आई नमदा धाग्या-धाग्याने सोडवत होती आणि एकेक रोप लावत होती. कोपऱ्यात सात ओळी झाल्या. सगळं शेत भरायला तीन-चार वर्षं लागतील, पण बियाण्यापुरतं नक्की निघेल.

मी मधेच घरी जाऊन गाडीच्या मेंदूचा डबा बघून आलो. तो हिरवापांढरा पडला होता, आतल्या पिना गंजाने खाल्ल्या होत्या. परत आलो तेव्हा आई बांधावर बसून मामाशी फोनवर बोलत होती.

"हाय रे, बी हाय," ती सांगत होती आणि रडत होती. आईला रडताना मी फार कमी पाहिलंय. पलीकडून मामा काहीतरी म्हणाला. "देईन की. पुढल्या साली तुला पन देईन. पन न्यायला तूच ये. आमची गाडी बंद हाय."

आमची. दोन वर्षं ती माणसांना 'ह्याची गाडी' म्हणून सांगत आली होती. मी चिखलात उतरलो आणि सातव्या ओळीत कलंडलेलं एक रोप सरळ केलं. ती फोन कानाला धरूनच ओरडली, "मुळापाशी दाब रे, शेंड्याला नको!"